हिरवी ज्योत, रिठ्याचा फेस

हिरव्या रंगासाठी माझ्यापाशी किती शब्द आहेत, असे आयुष्यात मला एकाच व्यक्तीने विचारले. आणि विचारताना ती व्यक्ती एका बर्फपेटीमागे जमिनीवर आडवी पडलेली होती. मला तिचे फक्त पाय दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसरी यंत्राखाली कुठेतरी सरकली होती.

"हिरवी झाली, एवढ्यानं भागत नाई, ताई," आतून आवाज आला. "कोनती हिरवी, ते सांग."

मी हातातल्या दिव्याच्या ज्योतीकडे निरखून पाहिले. "धानाचं पऱ्हं नुकतं वर येतं ना, तशी."

"म्हनजे जवळ आली. आता नळी डावीकडं नेतो. आता?"

"आता पोपटी... थांबा... मोराच्या मानेसारखी!"

"बस. इथीच बसली हाय लबाड."

आम्ही तिला बाई म्हणत असू. दोन्ही जिल्ह्यांतले जीपचालक मात्र तिला बत्तीबाई म्हणत. भद्रावतीपासून भामरागडपर्यंत दवाखान्यांतली लसीची शीतयंत्रे नीट ठेवणे हे तिचे काम होते. तंत्रनिकेतनातली पदविका तिने पहिल्या वर्गात मिळवलेली होती, आणि ही गोष्ट ती नव्या माणसाला पहिल्या पाच वाक्यांत ऐकवल्याशिवाय राहत नसे. नम्रता हा गुण तिच्यात औषधालाही नव्हता. "माह्यासारखी यंत्राची नाडी पाहनारी मानूस या जंगलात दुसरी दाखवा," असे ती चहा पिता पिता सहज म्हणे, आणि पुढचा घोट घेई.

मी मराठी कविता शिकून गडचिरोलीच्या लसभांडारात भांडारपाल म्हणून लागले होते. जिल्हा नवा होता, कचेरीच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागत असे. माझ्या शिक्षणाचे या गारठलेल्या खोलीत काय काम, असा प्रश्न मला भेटणारा प्रत्येक जण विचारी. बाईने तो विचारला नाही. तिने पहिल्याच भेटीत माझ्या हातात दिवा दिला.

तो दिवा पितळेचा होता, हातात धरायच्या तांब्याएवढा. तळाशी स्पिरिटची टाकी, वर ज्योत, ज्योतीत तापून लाल होणारी तांब्याची चकती, आणि बाजूने निघालेली एक लांब रबरी नळी. नळीचे तोंड जिथे न्यावे तिथली हवा ओढली जाऊन ज्योतीपर्यंत येई. शीतयंत्राच्या नळ्यांतून जो वायू फिरतो त्याला रंग नसतो, वास नसतो, तो गळू लागला तरी कुणाला कळत नाही. फक्त यंत्र हळूहळू गारवा विसरत जाते. पण हा वायू त्या तापल्या तांब्याला भेटला, की फिकट निळी ज्योत हिरवी होते. बाई यंत्रामागे घुसून नळी सांध्यासांध्यावर फिरवी आणि खिडक्या झाकलेल्या अंधारात ज्योतीचा रंग मी वाचून दाखवी. काम संपताच ती आधी सगळी दारे उघडी. "पाहायले गोड हाय, पन त्या हिरव्याचा धूर विषारी हाय. छातीत घेऊ नको," ती बजावत असे. सौंदर्याविषयी इतके नेमके वाक्य मला माझ्या अभ्यासक्रमात आढळलेले नव्हते.

यंत्रांशी ती अहो-जाहोने बोले आणि माणसांना, मग ती कोणीही असोत, एकेरीत हाक मारी. बंद पडलेल्या शीतपेटीसमोर उकिडवे बसून ती विचारी, "काऊन रुसले जी? कोनी काई बोललं का तुम्हाले?" त्याच दमात मागे उभ्या असलेल्या डॉक्टरसाहेबांना म्हणे, "भाऊ, जरा सरक. उजेड अडवून राह्यला तू." भांडाराचे प्रमुख असलेले हे साहेब साताऱ्याकडचे, शिस्तीचे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पुढे ते न बोलता सरकू लागले.

पाचवारी साडीवर ती खाकी सदरा घाली. पेचकसाचे टोक यंत्रावर टेकवून दांडा दातांत धरी आणि डोळे मिटून ऐके; आतल्या हालचाली हाडांतून कळतात, असे तिचे म्हणणे. यंत्र नीट चालू लागले, की त्याच्या घरघरीचा सूर ओळखून त्याच सुरात ती गुणगुणे. कामाच्या दिवशी मला केसांत गजरा माळायची बंदी होती, कारण वासाने लक्ष विचलित होते. स्वतःच्या गुडघ्यापर्यंतच्या केसांचा मात्र तिला विलक्षण अभिमान होता. ते ती रिठ्यानेच धुई; तो कोरडा, किंचित कडवट, लाकडी वास तिच्यापाठोपाठ खोलीत येई आणि ती गेल्यावरही थोडा वेळ मागे राही.

ज्योतीवरची तिची श्रद्धा घरातून आलेली होती. वडील भद्रावतीजवळच्या कोळसाखाणीत. खाणीत उतरताना त्यांच्या हाती जाळीचा दिवा असे, आणि आतल्या हवेत घातक वायू असला, की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढे. "बाबा म्हनायचे, ज्योतीनं टोपी घातली का मागं फिरायचं. ते दर वेळी मागं फिरले, म्हनून मी शिकली," ती सांगे. "मी धम्मदीक्षेच्या सालची पोर. आमच्या घरी मूर्तीपुढं दिवा लागनं बंद झालं तवा. पन खानीचा दिवा बाबा रोज पुसायचे." हे सांगताना तिच्या आवाजात कढ नसे. ताठ मान असे.

लसभांडारासाठी गळती शोधायचे साधन निवडायचे ठरले, तेव्हा तोवर वापरात असलेला तो दिवा जुना होऊन गळू लागला होता. गळती शोधणारेच गळावे, यावर साहेब मनापासून हसले होते. नवे साधन एकच घेता येणार होते. नागपूरचा एक विक्रेता भर पावसाळ्यात पेटी घेऊन आला. तिच्यात नव्या धर्तीचा दिवा होता, आणि शिवाय एक विजेवर चालणारे यंत्र: पिस्तुलासारखी मूठ, पुढे लवचीक नळी, आणि वायू सापडला की टिकटिक करत वाढत जाणारा आवाज.

"एकदम लेटेस्ट आहे, बाई," विक्रेता म्हणाला. "अंधार नको, जोडीदार नको. ज्याला कान आहेत, तो कोणीबी वापरू शकते."

साहेबांना ते यंत्र पटलेले होते, आणि त्यांचे कारण खोटे नव्हते. आतल्या दवाखान्यांत दोन माणसे एका वेळी मिळणे कठीण. बाईने पदर खोचला आणि ती खुर्ची ओढून त्या यंत्रासमोर बसली.

"नवरदेव पाहायले आलो हाय आपन," ती मला म्हणाली. "नाकडोळे पाहून होत नाई. घर कसं सांभाळते, ते विचारा लागते." मग यंत्राला, आदराने: "पावसाळ्यात काय करता जी तुम्ही?"

यंत्राने उत्तर दिले. बाहेर संततधार होती, भिंती घामेजल्या होत्या. त्या दमट हवेत ते अधूनमधून आपले आपणच टिकटिकत होते. तेवढ्यात सिरोंच्याकडचे आमचे जीपचालक भाऊ बिडी ओढत दारात आले आणि यंत्र किंचाळू लागले. भाऊंनी दोन्ही हात वर केले.

"अय्यो! मी गळून राह्यलो का, बाई?"

विक्रेतासुद्धा हसला. बाई हसली नाही. "गुनाचे हाय, पन घाबरट हाय," तिने निकाल दिला. "दरेक वासाले रडते. आमच्या इथी वास लय."

मग तिने नवा दिवा पेटवला, त्याच्यावर पंखा सोडला, ज्योत कशी वाकते ते पाहिले, खिडक्या झाकल्या, नळी फिरवायला घेतली आणि रंग वाचायला मला उभे केले. तिसरा उमेदवारही होता: साबणाचे पाणी. सांध्यावर फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघायचे, इतकी सोपी, जुनी रीत. पण आमच्या बोअरिंगचे पाणी जड. त्यात साबण घोळला की फेस होण्याऐवजी दही फाटावे तशा पांढऱ्या कण्या तरंगत. बाईने ते भांडे बोटाने दूर लोटले. "म्हातारं हाय बिचारं. इथल्या पान्यात त्याचं काई चालत नाई."

"मग दिवा?" साहेबांनी विचारले.

"दिवाच. वाऱ्याले भिते तो, पन खोटं बोलत नाई."

"बाई, तुमच्या शब्दावर घेतोय."

"माह्या नको, भाऊ. ज्योतीच्या शब्दावर घे."

तो दिवा त्या पावसाळ्यात, हिवाळ्यात, आणि सागाची पाने वाजत गळतात त्या उन्हाळ्यात आम्ही दोघींनी जंगलभर नेला. माझी हिरव्याची यादी वाढत गेली: शेवाळी, कच्च्या चिंचेची, तळ्यातल्या गोंडाळाची, बेगडी. प्रत्येक शब्दामागे तिच्या डोक्यात गळतीचे एक माप ठरलेले असे. मी 'बेगडी' म्हटले, की ती लगेच नट आवळायचा पाना मागून घेई. माझे शब्द कुणाच्या तरी हातात हत्यारासारखे चपखल बसत आहेत, हे सुख मला त्यापूर्वी कोणत्याही वर्गात मिळालेले नव्हते.

आणि मग तो मृगातला दिवस आला.

भामरागडपलीकडच्या गावांत गोवर सुरू झाल्याची खबर आली होती. लस भांडारात होती. तिकडे जाताना पर्लकोटा नदी लागते. एकदा तिचे पाणी पुलावर चढले, की पलीकडचे जग अनेकदा दिवस न् दिवस, आणि आतली गावे तर थेट दिवाळीपर्यंत, आपल्याला परकी होतात. वर डोंगरांत पाऊस लागला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप निघालीच पाहिजे, असे साहेबांनी ठरवले. लस त्या प्रवासात थंड ठेवायची, तर खोक्यात तिच्याभोवती गोठवलेल्या पाण्याच्या चपट्या बाटल्या रचाव्या लागतात. त्या बाटल्या आमच्या मोठ्या बर्फपेटीत रात्रभर गोठत.

निघायच्या आदल्या सकाळी मी पेटी उघडली, एक बाटली उचलून कानाशी हलवली, आणि आत पाणी बोलले. गोठलेली बाटली दगडासारखी गप्प असते. मी दुसरी हलवली, तिसरी हलवली. सगळ्या खळखळत होत्या.

बाई सायकलवरून आली. पेचकस दातांत धरून तिने ऐकले. "वायू कमी झाला. कुठंतरी गळून राह्यली. सांजेपर्यंत पेटी चालू झाली पाह्यजे, म्हनजे सकाळपर्यंत बर्फ होते. दिवा घे, ताई."

खिडक्या झाकल्या. मी दिवा पेटवला, आणि नळी यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच ज्योत हिरवी झाली.

"पोपटी," मी म्हणाले.

"आता?"

"पोपटीच."

"वरच्या सांध्यावर हाय मी. आता?"

"पोपटी, बाई. तीच."

"बदलत काऊन नाई?" तिच्या आवाजात मी पूर्वी न ऐकलेले काहीतरी होते.

साहेब दारात उभे होते. त्यांनी बराच वेळ पाहिले. "म्हणजे सगळीच नळी कुजली असणार," ते शांतपणे म्हणाले. "बाई, हे एका दिवसाचं काम नाही. मी नागपूरला नवी पेटी मागवतो. पलीकडच्या गावांना लस आता नदी उतरल्यावर."

गोवर नदी उतरायची वाट पाहत नाही, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांना तर सर्वांत जास्त.

बाई यंत्रामागून बाहेर आली. तिने नळीचे तोंड उंच छताकडे धरले. हा वायू जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वर तो सापडायला नको. ज्योत पोपटीच राहिली. तिने नळी दाराकडे नेली. रंग उलट गडद झाला.

मी श्वास घेतला आणि माझ्या नाकाच्या आतल्या कडेला काहीतरी बोचले. तो वास मी ओळखत होते. लहानपणी आमच्या गावची विहीर पावसाळ्याआधी शुद्ध करत, त्या दिवशीच्या पाण्याचा वास.

"बाई, विहिरीचा वास येतोय."

तिने माझ्याकडे पाहिले, मग दिवा माझ्या हातून घेतला आणि सरळ ओसरीवर गेली. आदल्या दिवशी गावोगावच्या विहिरींसाठी आलेली ब्लीचिंग पावडरची पोती तिथे भिंतीशी रचलेली होती. इकडे दर मृगाआधी ती येतात, आणि कोरडी जागा म्हणून दर वेळी तिथेच उतरतात. आम्हा कुणालाच त्यात काही वावगे दिसले नव्हते. एका पोत्याची शिवण उसवली होती. बाईने नळीचे तोंड त्या उसवणीशी नेले. ज्योत मोराच्या मानेसारखी झाली.

वायूतले जे द्रव्य ज्योतीला हिरवे करते, तेच या पावडरीतूनही सुटत होते. दिवसभर उघडी दारे ठेवली असती, तरी त्या दमट खोलीतून ते गेले नसते.

बाईने दिवा विझवला. ज्या ज्योतीसाठी ती वर्षापूर्वी साऱ्यांशी भांडली होती, ती तिने साऱ्यांसमोर स्वतः विझवली. मला वाटले होते, ती पोत्यांवर चिडेल, हमालांवर चिडेल. ती म्हणाली, "आज माही बत्ती कामाची नाई." मग दिवा खाली ठेवत, "तिचा दोष नाई. आपन विचारून राह्यलो एक, ते सांगून राह्यली दुसरं."

"ते विजेचं यंत्र घेतलं असतं तर, बाई?" साहेबांनी विचारले. त्यात टोमणा नव्हता.

"ते बी बोंबललं असतं, भाऊ. ज्यानं ही हिरवी होते, त्याले ते बी रडते."

ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. विचार करताना तिचा हात अंबाड्याकडे जाई, तसा तो गेला. आणि तिथेच थांबला. तिने बोटे नाकाशी नेली, आणि खाणीच्या तोंडातून यावे तसे खोल, घोगरे हसू तिला फुटले.

"अव माय! रोज डोक्यावर घेऊन फिरून राह्यली मी, अन् डोक्यात नाई आलं!"

आम्हाला काही कळण्याआधी ती सायकलवर बसली होती. परत आली ती हँडलला लटकवलेले डेचके सांभाळत. केस धुवायला तिने सकाळी रिठे भिजत घातले होते. तिने त्या तपकिरी पाण्यात हात घातला आणि घुसळू लागली, आणि आमच्या त्याच जड, साबणाला फाडणाऱ्या पाण्यात दाट, चिवट, दुधावरच्या सायीसारखा फेस वर आला. इथल्या सगळ्या बायका याच पाण्यात, याच फेसाने केस धुतात. साबणाला बाद करताना आम्हा दोघींपैकी एकीलाही हे आठवले नव्हते.

खिडक्या उघडल्या. तिने यंत्र थांबवले, आणि प्रत्येक सांध्यावर बोटांनी फेस लावत गेली. तान्ह्या मुलाला तेल लावावे तसा. तांब्याच्या नळीवर पांढऱ्या फुलांचे गेंद बसले. मग आम्ही वाट पाहत बसलो. साहेब गुडघे टेकून, हातात विजेरी घेऊन. जीपचालक भाऊ दुसऱ्या बाजूने. खोलीत फक्त फेस जिरत जाण्याची कुजबुज होती. बाईच्या कपाळावरून घाम ओघळला आणि तिने तो पुसला नाही. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिले आणि हात पाठीमागे नेला.

"खालच्या सांध्याकडे बघा," मी म्हणाले. "तिथे डोळा उघडतोय."

फेसातून एक बुडबुडा सावकाश वर येत होता. त्यात खिडकी वाकून मावलेली दिसत होती, साहेबांची विजेरी, आम्हा चौघांची तोंडे. तो फुगला, थरथरला, फुटला. त्याच जागी दुसरा आला.

बाईने हात जोडले. "नमस्कार जी," ती त्या गळतीला म्हणाली. "लय शोधलं तुम्हाले."

नळीचे तोंड जिथे नटात बसते, तिथे केसाएवढी चीर होती. तिने ते टोक कापले, नळीला नवे तोंड फुलवले, नट आवळला, पुन्हा फेस लावला. फेस निपचित राहिला. मग यंत्रात नवा वायू भरला. मावळतीचा सूर्य कचेरीमागच्या सागांवर आला, तेव्हा पेटीची घरघर सुरू झाली, आणि थोड्या वेळाने तिच्याखालून दुसरी, माणसाची गुणगुण. साहेब उठून उभे राहिले, पँटवरची धूळ झटकली, आणि जाताना तिच्यासाठी वाट सोडून बाजूला झाले, तिने न सांगता.

पहाटे मी बाटल्या काढल्या. त्या एकमेकींवर आपटून दगडासारख्या वाजत होत्या. खोके भरले, जीप गेली. दुपारी नदी पुलावर चढल्याचे कळले.

जीप पलीकडे आहे की अलीकडेच अडकली, हे पुढे कितीतरी दिवस आम्हाला समजले नाही. बाईने दिवा मात्र रोज पुसला, आणि त्याच्या शेजारी फडताळात रिठ्यांची एक पुरचुंडी ठेवली. तेव्हापासून ती दोन्ही बरोबर नेई. "दोघंही आपल्या घरचे," ती म्हणे.

पाणी उतरले आणि एका दुपारी जीप चिखलाने माखून आवारात शिरली. चालक भाऊ उतरले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. साहेब पुढे झाले. कोणती गावे झाली, किती मुले, आजारी कोण, असे प्रश्न त्यांच्या ओठांवर होते. पण बाई त्यांच्याही पुढे होती.

"तिकडं खोकं उघडलं तवा," तिने विचारले, "बर्फ वाजत होता?"

भाऊंनी तिच्याकडे पाहिले. इतक्या दिवसांच्या चिखलातून आणि पाण्यातून आल्यावर कुणी आपल्याला हेच विचारावे, याचे त्यांना नवल वाटलेले दिसले नाही. त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि जीपच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी सावकाश ठोकले. टक. टक. टक.

बाईने डोळे मिटले आणि पेचकस दातांत धरल्यासारखे ते शेवटपर्यंत ऐकले.